दुधाला वास येतो

लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही नोकरीत काय करत होता?" मी म्हणते, "निवडणुका घेत होते." विचारणारा लगेच खुर्ची पुढे ओढतो. "आमदारकीच्या?" "नाही हो. दूध संस्थांच्या, सेवा संस्थांच्या, पतसंस्थांच्या. सहकार खात्यात होते मी." मग खुर्ची हळूच मागे सरकते आणि माणूस ताटातल्या जिलेबीकडे वळतो. मी त्याला दोष देत नाही. पण आमदारकीला पडलेला माणूस मुंबईला जात नाही, एवढंच त्याचं नुकसान. गावच्या दूध संस्थेत पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन, जिंकलेल्याच्याच दारात रांगेत उभं राहावं लागतं. आणि संध्याकाळी पुन्हा.

अंकाच्या संपादकांनी "गमतीजमती लिहा" असं बजावलं आहे. आहेत, गमतीही आहेत. त्या आधी सांगून मोकळी होते.

त्यासाठी थोडा धंदा समजून घ्या. संस्था सभासदांची असते. सभासद पाच वर्षांसाठी संचालक निवडतात आणि ते संचालक पहिल्या सभेत आपल्यातूनच चेअरमन निवडतात. गावातल्या माणसाने गावची निवडणूक घेतली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून आमच्या खात्यातला कुणीतरी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून जातो. उमेदवाराने अर्ज भरायचा. त्या अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक हवा, म्हणजे 'हा माणूस उभा राहावा' असं म्हणणारे दोन मतदार. मग छाननी. ज्याला हरकत घ्यायची त्याने त्या दिवशी समोर येऊन घ्यायची, अधिकाऱ्याने तिथल्या तिथे चौकशी करून अर्ज ठेवायचा किंवा काढायचा. मग माघारीची मुदत. माघारीनंतर जागा तितकेच उमेदवार उरले, तर निवडणूक बिनविरोध. जास्त उरले तर कपबशी, छत्री, विमान अशी चिन्हं वाटायची आणि मतदान घ्यायचं.

वाचायला सोपं आहे. एका सेवा संस्थेत एका उमेदवाराच्या सूचकाला विरोधकांनी छाननीच्या आदल्या दिवशी गाडीत घालून कोकणात नेलं. सहीवर हरकत आली, सूचक समोर हवा, आणि सूचक तिकडे समुद्रात डुंबतोय. निवडणूक उरकल्यावर तो मला कागलच्या बाजारात भेटला. मी चांगली झापणार होते, तर हात जोडून म्हणतो, "मॅडम, आयुष्यात पयल्यांदा समुद्र बघितला. सुरमई लई ग्वाड हुती." दुसऱ्या एका संस्थेत सख्खे भाऊ कपबशीसाठी माझ्या टेबलासमोर एकमेकांची गचांडी धरून उभे राहिले. मी चिठ्ठी टाकली. ज्याला कपबशी मिळाली नाही, त्याने घरी जाऊन सगळ्या कपबशा फोडल्या आणि नंतर म्हणे बायकोने त्याला पितळीतून चहा दिला.

माझे लिपिक शिकलगार असले किस्से रंगवून सांगायचे. त्यांच्या घराण्याचा धारेचा धंदा, आजोबांपर्यंत सगळे तलवारी-विळ्यांना धार लावायचे, आणि शिकलगारांची जीभही त्याच सहाणेवर घासलेली. माझ्याबद्दल म्हणायचे, "मगदूम मॅडम आल्या की खुर्च्यासुद्धा ताठ बसत्यात." आहे माझा स्वभाव तापट. उचगावच्या जैन शेतकऱ्याच्या घरात चार भावांमागे जन्मलेल्या मुलीला आवाज चढवल्याशिवाय भाजीतला बटाटासुद्धा मिळत नाही. तो आवाज पुढे नोकरीत उपयोगी पडला.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे तिथे तो काही उपयोगी पडला नाही.

गाव कागल तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, तिथल्या एका घरी माझं अजून जाणंयेणं आहे. तिथली दूध संस्था स्थापनेपासून बिनविरोध होत आलेली. संस्थेच्या भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलेलंही होतं. चेअरमन तात्या, पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं साखरेसारखं. माझ्याशी कधी वावगं बोलले नाहीत. मला मात्र बिनविरोध हा शब्द ऐकला की संशय येतो. खरंच एकी असलेली गावंही मी पाहिली, पण फार थोडी. बाकी ठिकाणी बिनविरोध म्हणजे कुणाचं तरी तोंड दाबलेलं असतं, आणि ते कुणाचं एवढंच अधिकाऱ्याला समजायचं बाकी असतं.

आमच्याकडे तोंड दाबायला भंडारा लागतो. भंडारा म्हणजे देवाची हळद. गावातल्या कर्त्या पुरुषांना देवळात बोलवायचं, आणि प्रत्येकाने बेल-भंडारा उचलून शब्द द्यायचा की आपण चेअरमनसाहेबांच्या बाहेर जाणार नाही. सरकारी कागदावर बिनदिक्कत खोटी सही करणारी माणसं भंडारा उचलल्यावर जन्मभर बांधली जातात. नियमपुस्तकात या गोष्टीचा उल्लेख नाही. पण निवडणूक तिथेच ठरते हे शेंबडं पोरही सांगेल.

अर्ज द्यायला सुरुवात झाली तेव्हा एक बाई कागलच्या आमच्या कार्यालयात एकटीच आली. हे नवलच, कारण अर्ज न्यायला येणारा उमेदवार पाच-पन्नास माणसं घेऊन येतो, नसली तर उसनी आणतो. ही आली ती डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. बाजारात दही विकून येत होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हाताची बोटं धारा काढून काढून गाठाळलेली. पाटी दाराशी उतरवून म्हणाली, "पावणं, डेअरीचा अर्ज हितंच मिळतोय न्हवं?"

शिकलगार म्हणाले, "मिळतोय की. कुणाला पायजे?"

"मला."

"मालक न्हाई आले?"

"मालक डेअरीत हायत. आणि अर्ज माझा हाय, मालकांचा न्हवं."

मी मान वर करून बघितलं. मला ती तिथेच आवडली.

तिचं नाव हौसाबाई, गावात सगळे हौसाक्का म्हणत. महिलांसाठी राखीव जागा असतात त्यातल्या एका जागेवर तिला उभं राहायचं होतं. त्या जागांवर आजवर कुणाकुणाच्या सुना आणि भावजया बसल्या, म्हणजे त्यांची नावं बसली. सह्या घरी जाऊन आणल्या जायच्या. मी विचारलं, "तुम्हाला का उभं राहायचंय?" हे विचारायचा मला अधिकार नव्हता, पण राहवलं नाही.

ती म्हणाली, "माझी म्हस गाभडली, मॅडम. रेडकू पोटातच गेलं. डेअरीनं दिल्याल्या पेंडीला बुरशी हुती. पोतं उघडलं की नाकात जायाची. माझी एकटीची न्हवं, गल्लीत आनी दोघींच्या गाभडल्या. म्हनून वार्षिक सभेत मी उठलो आनी बोललो. मी पयलीच बाई बोललो तिथं." आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी बोललो' असंच म्हणतात. "तात्या म्हनलं, वैनी, बसा खाली, बघू म्हनं. बसलो. दुसऱ्या दिवसापास्नं माझ्या दुधाला वास याया लागला."

"म्हणजे?"

"म्हंजे डेअरीत. घरात न्हाय येत."

बाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगावं लागेल. संस्थेत दूध घातलं की आधी टेस्टर, म्हणजे दूध तपासणारा माणूस, किटलीवर वाकून वास घेतो. मग नमुना यंत्रात जातो आणि फॅट समजतं. यंत्र फॅट सांगतं. वास सांगणारं यंत्र गावोगाव पोचलेलं नाही, तिथे टेस्टरचं नाक हाच कायदा. त्याने 'वास येतोय' म्हटलं की किटली परत. त्यावर दाद नाही, फिर्याद नाही. हौसाक्काची सकाळची किटली आठवड्यातून कित्येकदा परत यायला लागली. परत आलेल्या दुधाचं ती दही लावायची आणि कागलला बसायची. वास येणाऱ्या दुधाचं ते दही दुपारच्या आत संपायचं.

हे नुसतं त्रास देणं नव्हतं, ते मला तिथेच समजलं. संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांत, असं कलम होतं की संचालकपदाला उभं राहणाऱ्याने मागच्या वर्षात ठराविक लिटर तरी दूध घातलेलं असलं पाहिजे. कलम तसं चांगलं आहे. ज्याच्या गोठ्यात शेळीसुद्धा नाही त्याने दूध संस्था चालवू नये, यासाठी केलेलं. पण दूध घ्यायचं की नाही हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात कोण उभं राहणार हेही जातं, एवढं कलम करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलं असावं.

हौसाक्काला हे कुणीतरी सांगितलं होतं. तिने मला विचारलं, "मी दूध न्हेलं आनी त्यांनी घेतलं न्हाय, तर ते घातलं म्हनून धरत्यात का?"

उमेदवाराला सल्ला देणं अधिकाऱ्याला मना आहे, नियम सांगणं मना नाही. मी नियम सांगितला. "हरकत आली तर मी चौकशी करणार. दूध चांगलं असताना मुद्दाम परत केलं असं निघालं, तर तो तुमचा दोष धरता येत नाही, अर्ज राहतो. दूध खरंच खराब होतं असं निघालं, तर अर्ज जातो."

"आनी इचारनार कुनाला?"

"ज्याने परत केलं त्याला. टेस्टरला."

ती पदराच्या टोकाने पाटीची कड पुसत राहिली. मग म्हणाली, "टेस्टर माझं मालक हायत."

शिकलगार एकदम खुशीत आले. "मग बरंच झालं की आक्का! घरचाच साक्षीदार."

ती हसली नाही. शिकलगारही मग ओशाळून कागद लावायला लागले.

तिचा नवरा दत्तू, संस्थेत वर्षानुवर्षं टेस्टर. रोज सकाळी रांगेत हौसाक्काची पाळी आली की तो तिच्या किटलीवर वाकायचा आणि मान न उचलता म्हणायचा, "वास येतोय. पुढं." पुढं म्हणजे मागच्या माणसाने पुढे यावं. हे त्याला तात्यांनी सांगितलेलं. त्याने ऐकलं नसतं तर दुसरा टेस्टर ठेवला असता आणि त्यानेही तेच म्हटलं असतं. मी हौसाक्काला विचारलं, "घरी आल्यावर काय म्हणतात?"

"काय म्हननार? जेवत्यात. मीबी इचारत न्हाय. नोकरी हाय त्यांची, मॅडम. दोगांनीबी रानात जायाचं म्हटलं तर रान कुठं हाय?"

तिने अर्ज भरून आणला. सूचक आणि अनुमोदक तिच्या गल्लीतल्याच दोघी, ज्यांच्या म्हशी गाभडल्या त्या. दोघी स्वतःच्या नावाने सभासद होत्या. तोवर देवळात भंडारा उचलून झाला होता, गाव तात्यांच्या मागे उभं राहिलं होतं, दत्तूनेही उचलला होता. मग या दोघी कशा सुटल्या? सोपं आहे. भंडारा उचलायला बायकांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांचं मत मोजायचं असतं हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मी आणि शिकलगार पोट धरून हसलो. त्या सगळ्या प्रकरणात हसलो ते तेवढंच.

छाननीच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं. तात्या पहिल्या खुर्चीवर. बाकीचे अर्ज झटपट झाले. हौसाक्काचा आला तसे तात्या उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, हौसावैनी आमच्या घरच्यासारख्या. पन नेम त्यो नेम. उपविधीपरमानं त्यांचं दूध कमी पडतंय. आमची हरकत हाय."

मी हौसाक्काला विचारलं. ती उभी राहिली. आवाज थोडा चिरका झाला होता, पण शब्द नीट. "मी रोज दूध न्हेलं. चुकवलं न्हाय एकबी दिस. चांगलं दूध. त्याच दुधाचं दही मी हितं कागलात इकतो, हितल्या बायका रांग लावत्यात. खराब असतं तर दुसऱ्यांदा कोन आलं असतं?"

"दही कसल्याबी दुधाचं लागतंय की, वैनी," तात्या म्हणाले, आणि मागची मंडळी हसली. मी टेबलावर हात आपटला. हसू थांबलं.

मग मी दत्तूला बोलावलं.

तो दाराला टेकून उभा होता. उंच, वाकलेला, टोपी हातात. पुढे आला तेव्हा त्याच्या अंगाला दुधाचाच आंबूस वास होता, डेअरीत काम करणाऱ्या सगळ्यांना असतो तसा. हरकत घेणाऱ्याला चौकशीतून बाहेर काढता येत नाही, नाहीतर मी तात्यांना हाकलूनच दिलं असतं. मी त्यांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दत्तूला अशी जागा दिली की त्याची तात्यांकडे पाठ होईल. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं.

मी म्हटलं, "दत्तूराव, इथे तुम्हाला कुणी काही करू शकत नाही. मला एकच सांगा. तुम्ही जे दूध परत केलंत, ते खराब होतं का?"

त्याला एक वाक्य बोलायचं होतं. 'चांगलं हुतं, मला सांगितलं म्हनून परत केलं.' एवढं. मग मी अर्ज वैध केला असता, त्या गावात पहिल्यांदा मतदान झालं असतं, आणि भंडारा न उचललेल्या बायकांनी पडद्याआड जाऊन काय केलं असतं हे बघायला मला फार आवडलं असतं. हे सगळं त्यालाही ठाऊक होतं. घरात बोलत नसले तरी बायको कशासाठी उभी आहे हे नवऱ्याला कळत नाही असं थोडंच आहे?

तो म्हणाला, "वास येत हुता."

"कसला?"

"आंबूस."

"त्याच म्हशीचं संध्याकाळचं दूध तुम्ही घेत होता. सकाळच्यालाच कसा वास यायचा?"

"सकाळी यायचा."

"दत्तूराव, नीट विचार करून बोला. तुमच्या एका शब्दावर यांचा अर्ज जाणार आहे."

"लिवून घ्या, मॅडम. वास येत हुता."

त्याचे शेवटचे शब्द नुसते ओठांवर आले. मी चिडले होते. आवाज चढवला. खोटी साक्ष दिल्यावर काय होतं ते सुनावलं. तो जमिनीकडे बघत राहिला. मी त्याला काय बोलून वळवणार होते? माझ्याकडे कलमं होती, आणि त्याच्या हाताला भंडाऱ्याची हळद लागलेली होती.

तेवढ्यात हौसाक्का पुढे आली. मला वाटलं आता ती त्याच्या थोबाडीत देणार. दिली असती तर मी तिकडे पाठ फिरवून खिडकीबाहेर बघितलं असतं. तिने माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"पानी प्या. घसा सुकलाय तुमचा."

तो प्यायला. सगळ्यांसमोर, ग्लास दोन्ही हातांनी धरून. 

मी अर्ज अवैध ठरवला. दुसरं काही करता येत नव्हतं. ज्या माणसाला विचारायचं त्यालाच विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं होतं. नियमाची सगळी पावलं बरोबर पडली होती आणि तरी निकाल खोटाच होता. मी नोकरीत पुष्कळ अर्ज काढले, त्यातल्या बहुतेकांची नावंही आठवत नाहीत. हा एक निकाल मला तोंडपाठ आहे.

लोक पांगल्यावर मी तिला थांबवलं. "अपील करता येतं. वरच्या अधिकाऱ्याकडे. मुदत कमी आहे, पण करता येतं. दह्याची गिऱ्हाइकं आणा, गल्लीतल्या बायका आणा."

तिने मान हलवली. "अपिलात काय सांगायचं, मॅडम? माझा मालक खोटं बोलला म्हनून? मग त्यांची नोकरी जाती. भंडारा मोडला म्हनून गाव त्यांच्या अंगावर थुकतंय. आनी मी ते माझ्या तोंडानं सांगू?" पदर नीट केला. "न्हाय. ते त्यांनीच सांगाया पायजे हुतं."

ती गेली. मी शिकलगारांवरही विनाकारण ओरडले आणि त्यांनी ऐकून घेतलं.

निवडणूक बिनविरोध झाली. गुलाल उधळला. हौसाक्काला जी जागा हवी होती तिथे तात्यांची सून आली. काही दिवसांनी चेअरमन निवडीची पहिली सभा घ्यायला मला त्याच गावात जावं लागलं, कारण ती सभाही आमच्याच अधिकाऱ्याने घ्यायची असते. तात्यांचं नाव सुचवलं कुणी? सुनेने. तिला आधी शिकवून ठेवलेलं वाक्य तिने चटईकडे बघत म्हटलं. एकाने अनुमोदन दिलं. दुसरा अर्ज नाही. मी तात्या निवडून आल्याचं जाहीर केलं. बाहेर फटाके लागले. फेटा आणि नारळ आणला होता, तो मी घेतला नाही. शिकलगारांनी घेतला, आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून फेटा एका झाडाच्या फांदीवर ठेवून आले.

गाव सोडण्याआधी मी शिकलगारांना घेऊन हौसाक्काच्या घरी गेले. कशासाठी गेले, तेव्हा सांगता आलं नसतं. आत्ताही सांगता येत नाही. दार उघडं होतं. ती गोठ्यातून आली, आम्हाला बघून अवघडली, मग लगबगीने घोंगडं पसरलं. दत्तू दुपारच्या जेवणाला घरी होता. मला बघून उठून उभा राहिला आणि बसायचं विसरला.

मी म्हटलं, "दूध घेतात का आता डेअरीत?"

"घेत्यात की," हौसाक्का चुलीपुढून म्हणाली. "निवडनूक झाली न्हवं. आता येत न्हाय वास." आवाजात टोमणा नव्हता. भाव सांगावा तसं सांगत होती.

म्हैस पुन्हा गाभण राहिली होती. पेंड ती आता बाहेरून आणत होती. शिकलगारांनी म्हशीचं कौतुक केलं, दत्तू 'व्हय, व्हय' करत राहिला. त्याला बोलायला विषय मिळाल्यासारखं झालं. दोघं म्हशीच्या शिंगांवर बोलत असताना मला क्षणभर वाटलं, चला, निदान घर तरी सावरलं.

मग तिने चहा आणला. म्हशीच्या दुधाचा घट्ट, वर साय धरू लागलेला. मला दिला, शिकलगारांना दिला, स्वतःचा बाजूला ठेवला. शेवटी दत्तूपुढे एक काचेचा ग्लास ठेवला. त्यात कोरा चहा होता, दुधाचा थेंब नसलेला.

मला वाटलं त्याला साखर किंवा पित्त असेल. सहज म्हणून मी विचारलं, "यांना दूध चालत नाही का?"

हौसाक्काने माझ्याकडे बघितलं नाही. "न्हाय. दूध, दही, ताक कायबी न्हाय. आमच्या दुधाला वास येतोय न्हवं त्यास्नी. सगळ्या गावासमोर सांगितलंय त्यांनी. मग कसं द्यायाचं?"

शिकलगारांचा कप बशीवर वाजला. दत्तूने ग्लास उचलला आणि तो कोरा चहा, कुणाकडेही न बघता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.